साधी गाडी आणि सोपी गाडी : जुन्या वळणाच्या लहान मोटारसायकलींचं आकर्षण



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "मोटारसायकल." फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग पलीकडून विचारणा झाली, "सर, म्हणजे रूपक म्हणून का?" आम्ही म्हणालो, "नाही हो, रूपक वगैरे काही नाही. दोन चाकांची, पेट्रोलवर चालणारी, खरीखुरी." जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर काही बरं बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. आमच्या मते हा बराच विषय आहे. तो का, ते तासाभरात सांगायचा प्रयत्न करतो.

पहिलं कारण तर बाहेर रस्त्यावरच ऐकू येतंय. आज रविवार आहे, पाऊस आहे आणि आपण ताम्हिणीत बसलो आहोत. चांदणी चौकातून निघून पिरंगुट, पौड, मुळशीचं धरण असं करत पुण्याची निम्मी तरुण मंडळी या वाटेने येतात. आम्ही सकाळी येताना पाहत होतो. दर चारपाच गाड्यांमागे एक गाडी अशी, की तिचा दिवा गोल, टाकी थेंबाच्या आकाराची, सीट सपाट, चाकाला तारांचे आरे. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या फोटोत शोभावी अशी गाडी, आणि वर बसलेला मुलगा पंचविशीचा. ज्या काळाची ती आठवण आहे त्या काळात त्याचे वडीलसुद्धा शाळेत असतील.

दुसरं कारण घरचं आहे. आमच्या नातवाला अशीच एक गाडी घ्यायची आहे. मोठी नाही, महाग नाही, लहान इंजिनाची, जुन्या वळणाची. आम्ही नको म्हणालो. त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही तुमच्या जुन्या गाडीचं एवढं गुणगान करता, मग मी तशीच घेतली तर का नको?" आम्ही चाळीस वर्षं वर्गात प्रश्नांना उत्तरं दिली, पण या प्रश्नाला पटकन उत्तर सुचलं नाही. तो आज इथे मागच्या रांगेत बसला आहे. तेव्हा हे व्याख्यान आहे आणि थोडा घरातला हिशेबही आहे.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत मोटारसायकलीला 'फटफटी' म्हणत. आता हा शब्द विनोदाने वापरतात, पण तो मोठा अर्थपूर्ण आहे. आपण रेल्वेला तिच्या आगीवरून आगगाडी म्हटलं आणि मोटारसायकलीला तिच्या आवाजावरून फटफटी. म्हणजे यंत्राचं नाव त्याच्या कामावरून पडलं नाही, आपल्या इंद्रियांना ते कसं भिडलं त्यावरून पडलं. 'फट्-फट्' असा सुटा सुटा आवाज एका सिलिंडरच्या, सावकाश फिरणाऱ्या इंजिनाचाच येतो. चार सिलिंडरच्या गाडीला फटफटी म्हणता येणार नाही, ती गुणगुणते किंवा किंचाळते. आपला शब्दच लहान आणि साध्या इंजिनाचा आहे.

आता कोणत्या गाड्यांविषयी बोलतोय ते नक्की करू. रॉयल एनफील्डची 'क्लासिक' २००९ साली आली आणि या लाटेची सुरुवात तिथून धरायला हरकत नाही. पुढे २०१८ च्या नोव्हेंबरात जावा हे नाव परत आलं, २०२२ च्या जानेवारीत येझदी. त्याच वर्षी एनफील्डची 'हंटर ३५०' आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कावासाकीची 'डब्ल्यू १७५'. ही शेवटची इथून फार लांब नाही, चाकणला तयार होते. १७७ सीसी, एकच सिलिंडर, हवेने थंड होणारं इंजिन, १३ हॉर्सपॉवर, वजन १३५ किलो, आणि आली तेव्हा किंमत दीड लाखाच्या आत. आमच्या विषयाचा नमुना म्हणून आम्ही हीच गाडी डोळ्यांसमोर ठेवतो, कारण 'स्वस्त, साधी, लहान' ही तिन्ही विशेषणं तिला बऱ्यापैकी लागू पडतात. क्लासिकचं वजन १९५ किलो आहे. तिला लहान म्हणणं जिवावर येतं.

या गाड्यांवरचा नेहमीचा आक्षेप असा असतो, की हे सगळं स्मरणरंजन आहे, कंपन्या आठवणी विकतात. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. जो काळ पाहिलाच नाही त्याची आठवण पंचविशीच्या मुलाला कुठून येणार? तेव्हा आधी त्या काळाकडेच नीट पाहू. तो साधेपणा आम्ही निवडला होता का?

नाही. हे आम्ही आमच्या पिढीच्या वतीने कबूल करतो. १९५५ पासून मद्रासला बुलेट तयार होऊ लागली. १९६० साली म्हैसूरला आयडियल जावा कंपनी निघाली, पुढे तीच गाडी येझदी नावाने चालू राहिली, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडमधल्या एका गाडीच्या आराखड्यावर बेतलेली होती, आणि दूधवाल्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना कॅन लावून तिचं सोनं केलं. इकडे पुण्यात बजाजची चेतक १९७२ ची, कायनेटिकची लुनाही १९७२ ची. झाली यादी. चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. मुलीच्या जन्मानंतर नंबर लावला तर शाळेत सोडायला गाडी मिळेल, असा विनोद होता आणि तो फारसा विनोद नव्हता. परवान्यांचं राज्य होतं, किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवत होतं, आयात बंद होती. बुलेट इंग्लंडमध्ये बंद पडली आणि मद्रासमध्ये चालू राहिली, ती परंपरेच्या प्रेमामुळे नव्हे. बदलण्याची गरजच कुणाला भासली नाही. आज जिला आपण 'रेट्रो' म्हणतो ती गाडी आपल्याकडे मागे गेलेली नाहीच, ती एका जागी थांबून राहिली होती. जग पुढे जाऊन पुन्हा वळून तिच्यापाशी आलं.

म्हणजे आमचा साधेपणा ही टंचाई होती. टंचाईला सद्गुण म्हणण्याची सवय म्हाताऱ्यांना असते आणि तिच्यापासून तरुणांनी सावध राहावं.

तरीही एक गोष्ट शिल्लक उरते. तेवढ्यासाठी स्वतःचा एक प्रसंग सांगतो. आम्ही नवे प्राध्यापक असताना जुन्या बाजारातून २५० सीसीची एक दोन-स्ट्रोक गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळायचं असतं. आम्ही त्या वेळी कांट वाचत होतो, माप डोळ्यांनीच घेतलं. पौडच्या पुढे, जुलैचा पाऊस, आणि गाडी धूर काढत बंद पडली. बराच वेळ किका मारल्या. एक गृहस्थ डोक्यावर इरलं घेऊन शेतातून वर आले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, पण पाण्याचं इंजिन होतं. म्हणाले, "मास्तर, पलग काढा." आम्हाला प्लग कुठे असतो हे माहीत होतं, तो निघतो हे माहीत नव्हतं. त्यांनी तो काढला, धोतराला पुसला, काजळी नखाने खरवडली, परत बसवला. दुसऱ्या किकला गाडी सुरू. ते म्हणाले, "समदी इंजिनं एकच असत्यात."

हे वाक्य आम्ही पुढे अनेक वर्षं वर्गात वापरलं. त्या माणसाने ती गाडी आधी कधी उघडली नव्हती. पण त्याला एक इंजिन समजत होतं म्हणून दुसरं समजलं. हवा, पेट्रोल, ठिणगी, या तीन गोष्टी तपासल्या की निदान होत होतं. ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात, एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाऊ शकत होतं. हायडेगरने १९२७ साली हातोड्याचं उदाहरण देऊन म्हटलंय की हत्यार नीट चालत असतं तेव्हा आपलं त्याच्याकडे लक्षच नसतं, ते मोडतं तेव्हा कुठे ते वस्तू म्हणून समोर उभं राहतं. आमच्यासमोर ती गाडी त्या दिवशी पौडच्या पुढे पहिल्यांदा उभी राहिली.

आता मराठीतले दोन शब्द वेगळे करू. साधं आणि सोपं. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत. साधं म्हणजे ज्यात भाग कमी, गुंतागुंत कमी, आत काय चाललंय ते दिसतं. सोपं म्हणजे ज्यात आपल्याला कष्ट कमी. आमची जुनी गाडी साधी होती, सोपी मुळीच नव्हती. तिचं ऑइल बघा, प्लग बघा, पॉइंट घासा, थंडीत चोक ओढा. जावात तर किक आणि गिअरचा दांडा एकच होता, तो किक म्हणून उभा करून मारायचा आणि मग खाली पाडून गिअर टाकायचा. कल्पना म्हणून फार सुंदर, शिकणाऱ्याच्या नडगीची परीक्षा. याउलट आजची कुठलीही चांगली गाडी सोपी आहे. बटण दाबा, निघा. पण ती साधी नाही. तिच्यात इंधन किती सोडायचं ते एक लहानसा संगणक ठरवतो. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला.

नव्या जुन्या-वळणाच्या गाडीचं आकर्षण आम्हाला इथे सापडतं. ती साधी दिसते आणि सोपी असते. दोन्हीकडचं सुख एकाच हप्त्यात. यात काही गैर आहे का, हा समीक्षेचा प्रश्न.

यासाठी एका भागाकडे बारकाईने पाहू. इंजिनावर आडव्या कडा असतात, एकावर एक पापड रचल्यासारख्या. त्यांना फिन म्हणतात. आत स्फोट होतात, धातू तापतो, कडांमुळे हवेला टेकणारं क्षेत्र वाढतं आणि उष्णता निघून जाते. जिल्बेर सिमोंदों नावाचे एक फ्रेंच तत्त्वज्ञ होऊन गेले. १९५८ साली त्यांनी यंत्रांच्या अस्तित्वावर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात या फिनांवर विवेचन आहे. एका तत्त्वज्ञाने मोटारसायकलीच्या फिनांवर लिहावं याचा आम्हाला व्यक्तिशः फार आधार वाटतो. ते म्हणतात, सुरुवातीच्या इंजिनात फिन बाहेरून चिकटवल्यासारखी होती, काम एकच, थंड करणं. पुढे तीच फिन बरगडीसारखी झाली. आतल्या दाबाने सिलिंडरचा माथा वाकू नये म्हणून ती त्याला धरून ठेवू लागली, त्यामुळे भिंत पातळ करता आली, आणि पातळ भिंतीतून उष्णता आणखी चांगली जाऊ लागली. एका भागात दोन कामं एकमेकांना मदत करत एकजीव झाली. यंत्राची प्रगती म्हणजे भाग वाढणं नव्हे, भागांचं असं एकजीव होणं, असा त्यांचा सिद्धांत.

आता २०१८ ची जावा बघा. इंजिन २९३ सीसीचं, आणि थंड होतं ते पाण्यावर. पुढे रेडिएटर आहे, फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये बेताने बसवलेला, चटकन डोळ्यांत भरू नये असा. आणि इंजिनावर? फिन आहेत. थोडीफार उष्णता त्याही टाकत असतील, पण मुख्य काम आता रेडिएटरचं. फिन आहेत त्या आपल्या डोळ्यांसाठी. बजाज चाकणला ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी बनवते, २०२३ पासून, तीही पाण्याने थंड होणारी आणि तिलाही फिन. सिमोंदोंच्या भाषेत एकजीव झालेला भाग पुन्हा सुटा झाला. कावासाकीच्या त्या १७५ मध्ये मात्र फिन कामावर आहेत. हवा लागली तरच इंजिन थंड होतं.

इथे चटकन निकाल देण्याचा मोह होतो : या फिन खऱ्या, त्या खोट्या. आम्हीही काही दिवस असंच म्हणत होतो. मग भाजे आठवलं.

इथून डोंगराच्या पलीकडे मावळात भाज्याचं चैत्यगृह आहे, इसवी सनापूर्वीचं. आत गेलात तर खांब आतल्या बाजूला कललेले दिसतात. का? लाकडी इमारतीत वरचं छत खांबांना बाहेर रेटतं, म्हणून खांब कलते ठेवावे लागत. पण हे तर डोंगरात कोरलेलं लेणं. इथे रेटणारं छतच नाही, सगळा एक दगड. तरीही कारागिरांनी खांब कलते कोरले. कमानीला लाकडी फासळ्याही बसवल्या, आणि शेजारच्या कार्ल्याला तसल्या फासळ्या आजही पाहायला मिळतात. त्या छत तोलत नाहीत. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी आपल्याच सह्याद्रीत लोकांनी नव्या साहित्यात जुन्या साहित्याचं रूप उतरवलं, आणि कुणी त्याला खोटं म्हणत नाही. आपण तिथे मान वर करून उभे राहतो.

मग कामाविना उरलेलं रूप म्हणजे खोटं, हा निकष चालणार नाही. तो लावला तर अर्धी कला बाद होईल. आम्ही दुसरा निकष सुचवतो. ते रूप आपल्याला काय वचन देतं, आणि ते वचन पाळलं जातं का? भाज्याची फासळी सांगते, हे तेच सभागृह आहे, तुम्ही ओळखता तेच, आत या आणि बसा. वचन पाळलं जातं. इंजिनावरची फिन काय सांगते? ती सांगते, माझं अंतरंग बाहेर आहे. मी तुला कळेन. बिघडले तर तू, नाहीतर कोपऱ्यावरचा माणूस, मला उघडशील. या वचनाचं काय होतं, ते पाहिलं पाहिजे.

पौडकडे एका मेकॅनिककडे आमचं जाणं-येणं आहे. आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान. नाव नको, त्याला आवडणार नाही. तो आवाजावरून सांगतो की टॅपेट ढिले आहेत की चेन. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकतो, डॉक्टर ऐकतात तसा. गेल्या वर्षी आम्ही बसलो असताना एक मुलगा जुन्या वळणाची नवी गाडी घेऊन आला. मीटरवर पिवळा दिवा लागला होता. मेकॅनिकने गाडी फिरून पाहिली, टाकीवरून हात फिरवला, "दिसायला झकास आहे," म्हणाला, आणि मग म्हणाला, "शोरूमला न्या. तिचं मशीन त्यांच्याकडं आहे." स्कॅनर जोडल्याशिवाय ती गाडी बोलत नाही. मुलगा गेल्यावर आम्हाला म्हणाला, "सर, गाडी माझ्या बापाच्या काळातली आणि मीच तिला हात लावू शकत नाही."

आमच्या मते या सगळ्या विषयावरची सर्वांत अचूक समीक्षा ही आहे. फिनने दिलेलं वचन त्याच्या दारात मोडलं. ते इंजिन हवेने थंड होतं की पाण्याने, हा प्रश्न तिथे गौणच होता. प्रश्न होता, निदानाची किल्ली कुणाकडे आहे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, आणि तिने विचारात घेतलेल्या क्षेत्रांत वाहनंही होती. ही काही छंदिष्टांची मागणी नाही. खेड्यातल्या एका माणसाचं चाळीस वर्षांचं कौशल्य जिवंत राहतं की नाही, हा तो प्रश्न आहे.

रॉबर्ट पर्सिग हे नाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. बनारसला काही काळ तत्त्वज्ञान शिकलेला हा अमेरिकन. मोटारसायकलच्या देखभालीवरचं त्याचं पुस्तक १९७४ चं. त्यात एक प्रसंग आहे. त्याच्या मित्राच्या महागड्या जर्मन गाडीचं हँडल ढिलं होतं. पर्सिग म्हणतो, बिअरच्या डब्याचा पत्रा कापून आत घालू, घट्ट बसेल. पत्रा त्या कामाला उत्तम असतो. पण मित्र दुखावतो. माझ्या गाडीत डब्याचा पत्रा! पर्सिगला कळतं की मित्र गाडीचं रूप पाहतो आणि आपण तिचं कार्य पाहतो, आणि दोघांची जगंच वेगळी आहेत. आपल्याकडे हे भांडण झालंच नसतं. आपल्याकडे पत्रा घालून वर "आता दहा वर्षं बघायला नको" असं म्हटलं असतं. पर्सिगला जी दोन जगं जोडायची होती, ती पौडच्या गॅरेजात जोडलेलीच होती. नव्या गाडीने ती पुन्हा तोडली, आणि तोडताना रूप मात्र जोडलेल्या काळाचं घेतलं. आमचा आक्षेप एवढाच आहे, पण तो लहान नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर आमचं हे रडगाणं होईल.

आम्ही ज्या गाडीवर प्रेम करतो तिला एबीएस नव्हतं. ओल्या घाटात मागचा ब्रेक दाबला की ती आडवी होत असे, आणि आमचे दोन मित्र तसेच आडवे झाले, त्यातला एक परत उठला नाही. आज १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे. दोन-स्ट्रोकचा निळा धूर आम्ही प्रेमाने आठवतो, तो आमच्या मागे सायकलवर येणाऱ्याने प्रेमाने आठवू नये. ज्याला संगणक म्हणून आम्ही नावं ठेवली त्यानेच तो धूर कमी केला. तेव्हा जुन्याकडे परत जा, असं आम्ही सांगणार नाही. जुनं तसंच्या तसं परत मागणाऱ्याने त्याबरोबर येणारं मरणही मागावं लागतं.

आणि 'लहान' या गुणाचं कौतुक तर केलंच पाहिजे. १३ हॉर्सपॉवर म्हणजे किती? या घाटात चढायला पुरे. पन्नासच्या वेगाला गाडी खूश, मागून येणारा पाण्याचा आवाज ऐकू येतो, करवंदाच्या जाळीपाशी थांबावंसं वाटलं तर थांबता येतं. मोठ्या गाडीवर माणूस ताम्हिणी पार करतो, लहान गाडीवर ताम्हिणीत असतो. सगळं जग 'आणखी' म्हणत असताना ही गाडी 'पुरे' म्हणते. पंचविशीच्या मुलाला ती आवडते याचं आम्हाला वाटतं हे खरं कारण आहे. त्याला भूतकाळ नको आहे. ज्याची हद्द आपल्याला कळते असं काहीतरी एक त्याला आयुष्यात हवं आहे. त्याचा फोन त्याला कळत नाही, नोकरी कळत नाही, घराचे भाव कळत नाहीत. निदान गाडी तरी कळावी. ही भूक खरी आहे. तिला हसू नये.

पण इथे, ताम्हिणीत बसून, एक गोष्ट बोललीच पाहिजे. आज सभागृहाबाहेर गावातल्या मुलांच्या गाड्या उभ्या आहेत. बहुतेक शंभर सीसीच्या, रोजच्या वापराच्या. १९८५ साली हिरो होंडाची ९७ सीसीची चार-स्ट्रोक गाडी आली आणि तिच्या वंशाने हे सगळे डोंगर व्यापले. दूध, खत, सिलिंडर, आजारी माणूस, सगळं तिच्यावरून जातं. स्वस्त, साधी, लहान ही तिन्ही विशेषणं खरी लागू पडतात ती तिला. दीड लाखाच्या गाडीला नव्हे. पण तिचे फोटो कुणी काढत नाही. गावातल्या मुलाला विचारलं, कोणती गाडी हवी? तो म्हणाला, "क्लासिक." आणि तिच्यावरून आलेला शहरातला मुलगा त्याला म्हणत होता, "तुमचं आयुष्य किती साधं आहे." दोघेही एकमेकांच्या आयुष्याचं रूप पाहत होते.

या धरणाच्या पाण्याखाली गावं आहेत. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, आणि तरी धरण झालं, मुंबईला वीज गेली. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली घडवला तो रोगाचं नाव म्हणून. घरापासून तुटलेल्या माणसांना होणारं दुखणं. आपण त्याचं मराठी केलं 'स्मरणरंजन'. बघा, दुखणं गेलं आणि रंजन आलं. ज्यांची गावं गेली त्यांना पहिला शब्द लागू होतो. आपण धरणाच्या काठावर गाडी लावून फोटो काढतो, आपल्याला दुसरा. पुण्याच्याच बजाजने २०१६ साली 'व्ही १५' नावाची गाडी काढली होती. मोडीत निघालेल्या 'विक्रांत' युद्धनौकेचं पोलाद तिच्या टाकीत वापरलं होतं. लोकांना गहिवर आला. काही वर्षांत गाडी बंद झाली. पोलाद टाकीत घालता येतं. पण आठवण ज्याची त्याने कमवावी लागते, ती शोरूममधून गाडीबरोबर मिळत नाही.

आता मागच्या रांगेकडे वळतो.

बाळा, तू विचारलंस ते बरोबर होतं. आम्ही ज्याचं गुणगान करत होतो ती गाडी नव्हती. पौडच्या पुढे पावसात एका अनोळखी माणसाने आमच्या हातात ठेवलेला प्लग होता तो. ते आम्हालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून तुला नको म्हणालो. ती आमची चूक.

तेव्हा घे गाडी. लहान घे. फिन कामाच्या असतील तर आम्हाला आनंद, नसतील तर भांडणार नाही. पण शोरूममध्ये रंग विचारायच्या आधी दोन गोष्टी विचार. हिचं मॅन्युअल आम्हाला वाचायला मिळेल का? आणि पौडचा माणूस हिला उघडू शकेल का? पहिल्या महिन्यात प्लग काढून परत बसवायला शीक, चेन ताणायला शीक, फिल्टर साफ करायला शीक. आमच्या मेकॅनिककडे एक दिवस बस, त्याच्या चहाचे पैसे आम्ही देऊ. हेल्मेटविषयी चर्चा नाही. आणि या घाटात एखाद्याची शंभर सीसी बंद पडलेली दिसली तर फोटो काढायला नाही, हात लावायला थांब.

तेवढं केलंस तर ती गाडी जुनी दिसते की नवी, याने काही फरक पडणार नाही.

पाऊस वाढलाय, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना परत घाट उतरायचा आहे. आम्ही थांबतो.